ब्रूटसची इभ्रत आणि अँटनीचं भाषण

एखादा पक्ष फुटला, कालपर्यंत शेजारी बसणारा माणूस आज पलीकडच्या व्यासपीठावर दिसला, की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत दोनपैकी एक शब्दप्रयोग हमखास असतो. एक 'पाठीत खंजीर', दुसरा 'ब्रूटस, तूसुद्धा?' पहिला आपला. दुसरा शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर' या नाटकातून आलेला. तो वापरणाऱ्या बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं, की ब्रूटस नावाच्या मित्राने सीझरला भोसकलं.

पण नाटकात हे वाक्य मध्यावरच येतं. पाच अंकांपैकी तिसऱ्या अंकात सीझर मरतो आणि पुढे जवळजवळ निम्मं नाटक उरतं. मला विचाराल तर कोडं तिथून पुढे आहे. दिवसाढवळ्या खून करून हात रक्ताने माखलेले लोक चौकात येतात, आपण हे का केलं ते सांगतात आणि लोक त्यांचा जयजयकार करतात. घटकाभरात तेच लोक पेटते पलिते घेऊन त्यांची घरं जाळायला निघतात. मधे काय झालं? एक भाषण झालं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. दरवर्षी मी वर्गात आधी फक्त ब्रूटसचं भाषण वाचते आणि थांबून विचारते, पटलं का? बहुतेक हात वर जातात. मग सीझरचा मित्र अँटनी याचं वाचते. तास संपेपर्यंत ते हात खाली आलेले असतात आणि मुलं थोडी ओशाळलेली असतात, आपण इतक्या लवकर कसे फिरलो म्हणून. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि हे नाटक न वाचलेल्या सगळ्यांसाठीही.

आधी गोष्ट

परंपरेनुसार रोमन लोकांनी इ.स.पू. ५०९मध्ये शेवटच्या राजाला हाकलून दिलं आणि पुन्हा राजा नको असं ठरवलं. राज्य चालवायला सिनेट ही वडीलधाऱ्यांची सभा होती आणि दरवर्षी निवडले जाणारे दोन कॉन्सुल. संकटकाळी एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता देत, त्याला 'डिक्टेटर' म्हणत. पण ती नेमणूक सहसा सहा महिन्यांपुरती असे. सीझरने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकला, यादवी युद्धात पाँपी या प्रतिस्पर्धी सेनापतीला हरवलं आणि इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला तो तहहयात डिक्टेटर झाला. सहा महिन्यांची गोष्ट मरेपर्यंतची झाली. ज्यांना यात राजेशाही परत येताना दिसली, असे साठहून अधिक लोक कटात सामील झाले. १५ मार्चला सिनेटच्या बैठकीतच सीझरवर २३ वार झाले.

शेक्सपियरने हे नाटक १५९९च्या सुमारास लिहिलं. त्याचा मुख्य आधार म्हणजे प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराच्या ग्रंथाचं १५७९मध्ये छापलेलं इंग्रजी भाषांतर.

इभ्रत म्हणजे इथे काय?

नाटकातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'ऑनर'. मराठीत त्याला मान, प्रतिष्ठा, इभ्रत असे बरेच शब्द आहेत. रोमनांच्या लॅटिनमध्ये याच कुळातला 'होनोस' हा शब्द होता आणि त्याचे दोन अर्थ होते: लोकांनी दिलेला मान, आणि सरकारी पद. आपल्याकडे पद मिळालं की नावामागे 'माननीय' लागतं, तसंच काहीसं. म्हणजे इभ्रत ही मनातल्या मनात जपायची गोष्ट नव्हती. ती चारचौघांनी द्यायची आणि चारचौघांत टिकवायची गोष्ट होती.

ब्रूटसकडे ती घराण्यातून आलेली. राजाला हाकलणारा पहिला ब्रूटस हा आपला पूर्वज, असं त्याचं घराणं मानत असे. कटाला त्याची गरज तलवारीसाठी नव्हतीच. कटातला कॅस्का एका ठिकाणी सरळ म्हणतो, की जे आपण केलं तर गुन्हा दिसेल, ते ब्रूटस सोबत असला तर पुण्य दिसेल. लग्नाच्या पत्रिकेत घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव छापतात, तसं त्यांना ब्रूटसचं नाव हवं होतं.

अशा माणसाला वळवलं कसं?

त्याच्या इभ्रतीलाच धरून. कटाचा सूत्रधार कॅसियस त्याला पैसा देत नाही, पद देत नाही, धमकी देत नाही. तो म्हणतो, स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, मी तुझा आरसा होतो. मग त्या आरशात तो ब्रूटसला त्याचा पूर्वज दाखवतो. 'ब्रूटस' आणि 'सीझर', दोन्ही नावं शेजारी लिहून बघ, तुझं नाव काय कमी आहे? मराठीत याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात. त्यावर कॅसियस आणखी एक करतो. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू अनेक नागरिकांनी लिहिल्यासारख्या चिठ्ठ्या तो ब्रूटसच्या खिडकीतून आत टाकायला लावतो: 'ब्रूटस, तू झोपला आहेस. जागा हो.' आज खोटी खाती उघडून 'जनभावना' तयार करतात, त्याची ही चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली आवृत्ती. ब्रूटसला ती हाक रोमची वाटते. ती एकाच माणसाची होती.

पण कॅसियसपेक्षा मोठी फसवणूक ब्रूटस स्वतःची करतो. आपल्या बागेत रात्री एकटा बसून तो विचार करतो आणि कबूल करतो, की सीझरशी माझं वैयक्तिक वैर नाही आणि तो भावनेच्या भरात विवेक सोडून वागल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. तरी तो निष्कर्षापर्यंत पोचतो. कसा? 'मुकुट मिळाल्यावर तो बदलेल. तो आज जसा आहे त्यावरून आरोप टिकत नाही, तेव्हा मांडणी अशी करू: हे सापाचं अंडं आहे, उबवलं तर विषारी होईल, म्हणून कवचातच मारू.'

ही 'मांडणी' नीट बघा. भाडेकरू भाडं वेळेवर देतो, घर स्वच्छ ठेवतो, पण उद्या घर बळकावेल म्हणून आजच त्याचं सामान रस्त्यावर फेकायचं, असा हा प्रकार. आपण ज्याला साप म्हणून भुई धोपटणं म्हणतो. फरक एवढाच, की इथे भुईच्या जागी माणूस होता.

आणि सीझर? तो कसा फसला?

तसाच. त्याच्या बायकोला, कॅल्पर्नियाला, स्वप्न पडतं, की सीझरच्या पुतळ्यातून शंभर धारांनी रक्त वाहतंय आणि लोक त्यात हात बुडवतायत. ती त्याला घरीच राहायला सांगते, तो मानतोही. तेवढ्यात कटातला डेशियस येतो आणि त्याच स्वप्नाचा अर्थ फिरवतो: रोमला तुझ्या रक्तातून नवं जीवन मिळणार. वर हळूच सांगतो, की आज सिनेट मुकुट देणार आहे आणि तू बायकोच्या स्वप्नासाठी थांबलास तर लोक काय म्हणतील? सीझर निघतो. याच डेशियसने आदल्या रात्री सांगितलेलं असतं: सीझरला मी म्हणतो, तुम्हाला खुशामत आवडत नाही, तो म्हणतो, खरंच नाही, आणि तिथेच त्याची सगळ्यात मोठी खुशामत झालेली असते.

'तूसुद्धा, ब्रूटस?' हे मरणाऱ्या सीझरच्या तोंडी शेक्सपियरने लॅटिनमध्ये ठेवलंय. खरा सीझर असं म्हणाला याचा पुरावा नाही. प्लुटार्क लिहितो, की ब्रूटसच्या हातात हत्यार दिसल्यावर त्याने अंगावरचं वस्त्र डोक्यावर ओढून घेतलं. त्याने चेहरा झाकला, एवढंच. मला वाक्यापेक्षा ती हालचाल जास्त हलवते. केसाने गळा कापला जाणं म्हणजे काय, ते त्यात आहे.

ब्रूटसचं भाषण कुठे कमी पडलं?

इथे तीन जुने शब्द लागतील, एकदाच. ॲरिस्टॉटलने सांगितलं, की बोलणारा माणूस तीन मार्गांनी पटवतो: ईथॉस म्हणजे वक्त्याची पत, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, आणि लोगॉस म्हणजे मुद्दा व पुरावा. यापुढे आपण पत, भावना, पुरावा असंच म्हणू.

ब्रूटसची सुरुवातच अशी: 'माझ्या इभ्रतीसाठी माझ्यावर विश्वास ठेवा, आणि विश्वास ठेवता यावा म्हणून माझ्या इभ्रतीची कदर करा.' वाक्य गोल फिरून जिथून निघालं तिथेच येतं. मग तो म्हणतो, 'सीझरवर माझं प्रेम कमी होतं असं नाही. रोमवर जास्त होतं.' मोठं सुंदर वाक्य. पुढे: 'तो शूर होता म्हणून मी त्याचा मान ठेवतो, पण तो महत्त्वाकांक्षी होता, म्हणून मी त्याला मारलं.' तराजूची दोन्ही पारडी समान, शब्द मोजून ठेवलेले. भाषण गद्यात आहे, निवाडा वाचून दाखवावा तसं.

यात पुरावा किती? शून्य. सीझर महत्त्वाकांक्षी होता हे तो वेगवेगळ्या तऱ्हेने सुचवेल, पण एक प्रसंग, एक तारीख, एक कागद सांगणार नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव उभा राहून म्हणतो, 'तीस वर्षं मला ओळखता, खर्च योग्यच झालाय,' आणि पावत्या काढत नाही. माणूस खरंच सचोटीचा असेल. पण सभेच्या हातात काय पडलं?

लोकांना पटलं, हे मात्र खरं. त्यांनी काय ओरडून दाद दिली ते ऐका. एक म्हणतो, याचा पुतळा उभारा. दुसरा म्हणतो, 'हाच सीझर होऊ दे!' एकाची सत्ता नको म्हणून ज्याने खून केला, त्यालाच ते सत्ता देऊ करतायत. मुद्दा पोचलेला नाही, फक्त माणूस आवडलाय. इतकं भक्कम दिसणारं समर्थन एकाच खांबावर उभं आहे: ब्रूटस सन्माननीय आहे. कुणी तो खांब हलवला तर?

चार अटी, आणि चारही पाळल्या

अँटनीला बोलू देऊ नको, असं कॅसियस ब्रूटसला बजावतो. ब्रूटस ऐकत नाही. शत्रूलाही अंत्यसंस्काराचा मान मिळावा, हे त्याच्या इभ्रतीत बसतं. तो अटी घालतो: आमच्यावर दोष ठेवायचा नाही, सीझरबद्दल चांगलं हवं तेवढं बोल, आमच्या परवानगीने बोलतोयस हे सांग, आणि माझ्यानंतर बोल. मग आपलं बोलून झाल्यावर ब्रूटस निघून जातो. उत्तर द्यायलाही थांबत नाही.

अँटनी या अटी जवळजवळ अक्षरशः पाळतो. 'ब्रूटस आणि इतरांच्या परवानगीने मी बोलायला आलोय, कारण ब्रूटस सन्माननीय माणूस आहे. ते सगळेच, सगळेच सन्माननीय आहेत.' पहिल्यांदा हे ऐकताना त्यात काही खटकत नाही. मग तो एक गोष्ट सांगतो: सीझरने किती कैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. ही महत्त्वाकांक्षा वाटते? पण ब्रूटस म्हणतात तो महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस सन्माननीय आहेत. गरीब रडले तेव्हा सीझर रडला. महत्त्वाकांक्षा याहून कठोर असायला हवी. पण ब्रूटस म्हणतात... आणि ब्रूटस सन्माननीय आहेत. लुपरकल सणाला मी त्याला तीनदा मुकुट दिला, त्याने तीनदा नाकारला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. ही महत्त्वाकांक्षा?

शब्द तोच, पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी एक पुरावा ठेवलेला. चांगलं नाणं आहे म्हणून ब्रूटसने दिलं होतं. अँटनी तेच नाणं फरशीवर पुन्हा पुन्हा आपटून लोकांना आवाज ऐकवतो. 'हे खोटं आहे' असं तो एकदाही म्हणत नाही. शेवटी गर्दीतला एकजण ओरडतो: 'ते गद्दार होते! म्हणे सन्माननीय!' तोवर अँटनीने गद्दार हा शब्द उच्चारलेलाही नाही. लोकांनी म्हटल्यानंतर मात्र तो तो वापरतो. निष्कर्ष लोकांचा आहे, तो फक्त दुजोरा देतोय, असं त्यांना वाटतं. दुधाचं दही हाताने करता येत नाही. चमचाभर विरजण लावून बाजूला व्हायचं असतं. भाषण संपल्यावर अँटनी स्वतःशी जे म्हणतो त्याचा भाव तोच आहे: आता त्याचं त्याला काम करू दे.

झग्याची भोकं

आता या भाषणातली मला सगळ्यात थरारक वाटणारी जागा. अँटनी व्यासपीठावरून खाली उतरतो. लोकांना प्रेताभोवती गोल उभं राहायला सांगतो. सीझरचा झगा उचलतो. 'हा झगा तुम्ही ओळखता. सीझरने तो पहिल्यांदा घातला तेव्हाची संध्याकाळ मला आठवते. उन्हाळा होता, तो तंबूत होता, त्याच दिवशी त्याने नर्व्हाय जमातीला हरवलं होतं.' मग एकेका भोकावर बोट: 'इथून कॅसियसचा खंजीर गेला. हे बघा, कॅस्काने किती फाडलंय. आणि इथून त्याच्या लाडक्या ब्रूटसने भोसकलं. त्याने तो शापित खंजीर ओढून काढला तेव्हा मागोमाग रक्त कसं धावलं बघा, जणू दार उघडून बघायला निघालं, की एवढ्या निर्दयपणे ठोठावणारा ब्रूटसच आहे का.'

थांबा. खून झाला तेव्हा अँटनी तिथे नव्हता. कटवाल्यांपैकी ट्रेबोनियसने त्याला मुद्दाम बाहेर नेलं होतं. प्रेक्षकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग कुठलं भोक कुणाचं, हे त्याला कसं कळलं? कळणं शक्यच नाही. आणि नर्व्हाय जमातीशी लढाई झाली इ.स.पू. ५७मध्ये; खरा अँटनी सीझरच्या सैन्यात गेला तो त्यानंतर काही वर्षांनी. तरी वर्गात मी हे वाचते तेव्हा कुणी शंका काढत नाही. हातात कापड आहे, कापडाला भोक आहे, भोकाला नाव दिलंय. इतकं दिसल्यावर पुढचं विचारायचं राहून जातं.

म्हणजे लोक मूर्ख होते?

हा आक्षेप दरवर्षी येतो आणि मला तो मान्य नाही. ब्रूटसने त्यांना मत दिलं होतं. अँटनीने आधी त्यांनी स्वतः पाहिलेली गोष्ट दिली. सीझरला मुकुट नाकारताना त्यांनी खरंच पाहिलं होतं. ऐकीव मतापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणं हा मूर्खपणा नव्हे. त्यांची चूक वेगळी होती: कुणी हे विचारलं नाही, की मुकुट देणारा कोण होता? तो अँटनीच होता. आणि कॅस्काने आधीच सांगितलंय, की लोक नाकारण्यावर टाळ्या वाजवत होते आणि सीझरचा हात मुकुटावरून निघायला तयार नव्हता.

मग अँटनी खोटारडा?

एवढंच म्हणून सुटत नाही. प्रेताजवळ एकटा असताना तो भडाभडा बोलतो. त्याचं दुःख खरं आहे. खऱ्या दुःखाचा तो वापर करतो, हे जास्त भयंकर. 'मी ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा सरळ माणूस आहे,' असं म्हणणारा माणूस त्या क्षणी त्या शहरातला सगळ्यात तयारीचा वक्ता आहे. ब्रूटस मनापासून बोलला, पण पुरावा दिला नाही. अँटनीने पुरावे दिले, ते अर्धे होते. श्रोता म्हणून या दोघांपैकी कुणापासून सावध राहायचं, हे मुलं विचारतात. मी सांगते, दोघांपासून. पण ज्याचं ऐकून गळा दाटून आला, त्याचं भाषण घरी जाऊन पुन्हा एकदा वाचा.

इतिहासात असंच झालं?

पूर्ण नाही. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो, की अँटनीने सिनेटचे ठराव दवंडीवाल्याकडून वाचून घेतले आणि स्वतः फार थोडं बोलला. अ‍ॅपियन हा इतिहासकार मात्र मोठं भाषण देतो आणि लोकांना २३ जखमा दाखवणारा सीझरचा मेणाचा पुतळाही. 'मित्रहो, रोमवासीयांनो' ही अँटनीच्या भाषणाची सुरुवात शेक्सपियरची. दंगल मात्र खरीच झाली.

मृत्युपत्र

भाषणात अँटनी एक कागद दोनदा काढतो. पहिल्यांदा: हे सीझरचं मृत्युपत्र, पण मी वाचणार नाही, तुम्ही त्याचे वारस आहात हे न कळलेलंच बरं. लोक 'वाचा, वाचा' म्हणून ओरडतात. मग झगा, मग प्रेत. लोक जाळपोळीला निघतात, तेव्हा तोच त्यांना थांबवतो: मृत्युपत्र विसरलात. प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, आणि नदीकाठच्या बागा सगळ्यांसाठी खुल्या. ही रक्कम लहान नव्हती. सीझरच्या काळातल्या साध्या सैनिकाच्या पगाराशी ताडून पाहिली, तर साधारण चार महिन्यांची मिळकत.

जमाव सुटतो. रस्त्यात त्यांना सिना नावाचा कवी भेटतो. कटात याच नावाचा दुसरा माणूस होता. तो जीव तोडून सांगतो, मी तो नाही, मी कवी आहे. 'मग वाईट कवितांसाठी फाडा!' आणि त्याला फाडतात.

पुढचा प्रसंग एका घरात. अँटनी, सीझरचा वारस ऑक्टेव्हियस आणि लेपिडस एका टेबलाभोवती बसलेत. समोर कुणाला मारायचं त्यांच्या नावांची यादी. लेपिडस भावाच्या नावाला हो म्हणतो, अँटनी भाच्याच्या नावावर खूण करतो. मग अँटनी लेपिडसला म्हणतो: जरा सीझरच्या घरी जा आणि मृत्युपत्र घेऊन ये. लोकांना द्यायच्या रकमेत काय काय कापता येईल, ते बघू.